पाकिस्तानी पॉप गीत आणि त्याची भाषा

गीत हा वाङ्मयाचा प्रकार मानावा की संगीताचा, हा प्रश्न आपल्या समीक्षेने बहुधा न सोडवताच बाजूला ठेवलेला आहे. संतांचे अभंग आणि शाहिरांच्या लावण्या ही गाण्यासाठीच जन्मलेली रचना होय. परंतु ती ग्रंथात छापली गेली, काळाने जुनी झाली, आणि मग तिला वाङ्मयाचा मान निःशंकपणे मिळाला. समकालीन लोकप्रिय गीताला मात्र आपण वेगळा न्याय लावतो. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ प्रसारित होऊ लागले, तेव्हा ते ऐकणाऱ्यांची संख्या कोणत्याही काव्यसंग्रहाच्या वाचकांपेक्षा कितीतरी अधिक होती. तरीही त्याच्याकडे काव्य म्हणून पाहावयास आपले समीक्षक बराच काळ कचरत राहिले. लोकप्रियता हा जणू रचनेवरचा आरोपच आहे, आणि तो खोटा ठरेपर्यंत तिला आपल्या दालनात प्रवेश नाही, अशी ही भूमिका दिसते.

या भूमिकेची परीक्षा एका परक्या, आणि तरीही सर्वस्वी परक्या नसलेल्या, उदाहरणावरून करावी असे मनात आहे. ते उदाहरण पाकिस्तानातील पॉप संगीताचे. ‘पॉप’ ही संज्ञा येथे मर्यादित अर्थाने घ्यावी : चित्रपटातील प्रसंगाचा आधार न घेता, गायकाने वा गायकसमूहाने स्वतःच्या नावाने सादर केलेले आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ अंगीकारलेले गीत. या संगीताच्या उदयाची हकिगत सामान्यतः वाद्यांची, वेषभूषेची आणि कीर्तीची हकिगत म्हणून सांगितली जाते. ती खोटी नाही. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला त्या हकिगतीत जे महत्त्वाचे वाटावे, ते भाषेशी निगडित आहे. एकाच भाषेच्या आग्रहावर उभ्या राहिलेल्या एका राष्ट्रात ज्या भाषांना शाळेत आणि कचेरीत जागा उरली नव्हती, त्या या उथळ समजल्या गेलेल्या गीताच्या आश्रयाने पुन्हा चारचौघांत बोलू लागल्या. हे कसे घडले आणि त्यासाठी काय मोल द्यावे लागले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पाकिस्तानातील पहिले पॉप गीत म्हणून १९६६ च्या ‘अरमान’ या चित्रपटातील ‘को को कोरिना’ या गीताचा उल्लेख केला जातो. अहमद रुश्दी यांचा आवाज, सोहेल राणा यांचे संगीत आणि मसरूर अन्वर यांचे शब्द असलेले हे गीत वृत्तीने नवे होते. परंतु त्याची जागा चित्रपटातच होती. चित्रपटातील गीताला पात्र असते, प्रसंग असतो. त्यातील ‘मी’ हा गाणाऱ्याचा ‘मी’ नसतो. तो स्वतंत्र ‘मी’ मिळण्यास आणखी पंधरा वर्षे जावी लागली.

१९८० साली मुंबईत निघालेल्या ‘कुर्बानी’ या चित्रपटासाठी कराचीत जन्मलेल्या आणि लंडनमध्ये शिकणाऱ्या नाझिया हसन या पंधरा वर्षांच्या मुलीने एक गीत गायिले. शब्द इंदीवर यांचे होते आणि चाल बिड्डू या बंगळूरमध्ये जन्मून लंडनला स्थायिक झालेल्या संगीतकाराची. पुढच्या वर्षी तिने व तिचा भाऊ झोहेब याने त्याच संगीतकाराबरोबर ‘डिस्को दीवाने’ ही ध्वनिमुद्रिका काढली. मी तेव्हा शाळकरी वयाचा होतो. गणेशोत्सवाच्या मांडवातील कर्ण्यावरून ते गीत दिवसभर वाजत असे, आणि ते पाकिस्तानी मुलीचे आहे, हे सांगावे असे कोणाला वाटत नसे. त्या ध्वनिमुद्रिकेला चित्रपटाचा आधार नव्हता. एका तरुण मुलीचा आवाज, नायिकेचे सोंग न घेता, स्वतःच्या नावाने गात होता.

शब्दांच्या दृष्टीने पाहता ही गीते सामान्य आहेत, हे मान्य केले पाहिजे. गझलेने शतकानुशतके घासून घेतलेली उर्दू येथे नाही. फारसी समासांची वीण नाही. दैनंदिन बोलण्यातील चार शब्द लयीच्या खुंटीला टांगलेले आहेत. परंतु ज्या काळात ही गीते आली, तो विसरता कामा नये. १९७७ च्या जुलैत जनरल झिया-उल-हक यांनी सत्ता हाती घेतली होती. दूरचित्रवाणीवरील निवेदिकांनी डोके झाकूनच दिसावे, असा दंडक घालण्यात आला होता. अशा काळात एका मुलीने आनंदाचा उच्चार कोणत्याही समर्थनावाचून करावा, यातच त्या साध्या शब्दांचे बळ होते. कवितेचा अर्थ केवळ तिच्या शब्दांत नसतो. तो कोण उच्चारतो आणि कोणत्या शांततेत उच्चारतो, यावरही अवलंबून असतो. नाझिया हसन १३ ऑगस्ट २००० रोजी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी लंडनमध्ये निवर्तली. तोपर्यंत तिने उघडलेल्या वाटेवरून पुष्कळांचा प्रवास सुरू झाला होता.

या प्रवासातील दुसरा टप्पा १९८७ चा. रावळपिंडीच्या ‘व्हायटल साइन्स’ या तरुणांच्या समूहाने त्या वर्षी स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ‘दिल दिल पाकिस्तान’ हे गीत सादर केले. निर्माता शोएब मन्सूर, गीतकार निसार नासिक, मुख्य गायक जुनैद जमशेद. राष्ट्रगीतांचा जो ठरीव घाट असतो, त्यातील सैन्य, हौतात्म्य व धर्म यांपैकी काहीच या गीतात नाही. भूमी आणि आकाश यांच्यावरील साधे प्रेम एवढाच त्याचा आशय आहे. राष्ट्राची व्याख्या धर्माच्या परिभाषेत करण्याचा अट्टाहास चाललेला असताना, शासनाच्याच दूरचित्रवाणीवरून, पाटलोणी घातलेली चार मुले गिटार घेऊन राष्ट्राचा उच्चार भूगोलाच्या परिभाषेत करीत होती. २००२ साली बीबीसीच्या जागतिक सेवेने श्रोत्यांकडून जगातील दहा आवडती गीते निवडून घेतली, तेव्हा दुसरा क्रमांक ‘वंदे मातरम्’ला मिळाला आणि तिसरा ‘दिल दिल पाकिस्तान’ला. हे शेजारपण ज्यांनी मते दिली, त्यांच्या मनात बहुधा नसावे. परंतु ते झाले खरे.

याच गायकाचे पुढील आयुष्यही या कथेचाच भाग आहे. जुनैद जमशेद यांनी कालांतराने गाणे सोडून धर्मप्रचाराचा मार्ग धरला, वाद्यांवाचून नात म्हटल्या, आणि ७ डिसेंबर २०१६ रोजी विमान अपघातात त्यांचा अंत झाला. गाणे हे पाप आहे की भक्ती, हा वाद त्या समाजात बाहेरून लादलेला नाही; तो एकेका गाणाऱ्याच्या मनात चाललेला आहे. म्हणूनच या संगीताला केवळ करमणूक म्हणून मोकळे होता येत नाही.

येथवरचे पॉप गीत प्रामुख्याने उर्दूत होते. उर्दू ही पाकिस्तानची राष्ट्रभाषा. परंतु १९९८ च्या जनगणनेनुसार ती मातृभाषा असणारे लोक शेकडा आठांहूनही कमी होते. पंजाबी बोलणारे शेकडा चव्वेचाळीस, पश्तू पंधरा, सिंधी चौदा, सराइकी दहाच्या वर. १९४८ च्या मार्चमध्ये ढाक्यात जिना यांनी उर्दू हीच एकमेव राष्ट्रभाषा राहील असे जाहीर केले. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी त्याच शहरात बंगालीसाठी विद्यार्थ्यांनी प्राण दिले. आणि १९७१ मध्ये देश दुभंगला. पंजाबीची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. बहुसंख्यांची आणि बऱ्याच अंशी सत्ताधाऱ्यांचीही ती भाषा. तरीही ती शाळेची भाषा झाली नाही. सुशिक्षित घरांत मुलांशी उर्दू किंवा इंग्रजी बोलावी, पंजाबी विनोदासाठी आणि शिव्यांसाठी राखून ठेवावी, असा शिरस्ता पडला. १९७९ च्या ‘मौला जट’नंतर पंजाबी चित्रपट रक्तपाताच्या कथांत अडकून पडला आणि त्या शिरस्त्याला जणू पुरावाच मिळाला. बुल्ले शाह, वारिस शाह, सुलतान बाहू यांची भाषा दर्ग्याच्या अंगणात जिवंत होती. दिवाणखान्यात तिला मज्जाव होता.

हा मज्जाव मोडण्याचे पुष्कळसे श्रेय ‘जुनून’ या समूहाकडे जाते. अमेरिकेत शालेय वय घालवून लाहोरला वैद्यकाचे शिक्षण घेतलेले सलमान अहमद, गायक अली अझमत आणि अमेरिकन वादक ब्रायन ओकॉनेल हे त्यातील प्रमुख. या समूहाने इक्बालांची ‘खुदी’ची कल्पना विजेच्या गिटारवर आणली, साबिर झफर यांच्यासारख्या गझलकाराकडून गीते लिहून घेतली, आणि १९९९ च्या ‘परवाझ’ या संग्रहात अठराव्या शतकातील बुल्ले शाहची काफी मुख्य स्थानी ठेवली. ही कल्पना अगदीच निराधार नव्हती. ऐंशीच्या दशकात सिंधी लोकगायक अल्लन फकीर आणि पॉप गायक मोहंमद अली शेहकी यांनी एकत्र गायिलेले गीत घरोघरी पोहोचले होते. तथापि तेथे लोकगायक हा पाहुणा होता. ‘जुनून’मध्ये काफी यजमान झाली.

येथे माझ्या व्यवसायातील एक अनुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. बुल्ले शाहची स्वतःची ओळख नाकारणारी जी प्रसिद्ध काफी ‘जुनून’ने गायिली, आणि २००४ साली दिल्लीच्या रब्बी शेरगिल यांनीही आपल्या परीने गायिली, ती मराठीत आणण्याचा प्रयत्न मी केला होता. मराठी अनुवादकाच्या हाती काफी आली की त्याला अभंगाचा मोह पडतो. ध्रुपद आहे, अंती कवीची नाममुद्रा आहे, पोथीपांडित्याचा उपहास आहे, विरहिणीचा भाव आहे. मग अभंगाचा घाट का नको? मी तो घाट घेतला आणि काफी हातची गेली. कारण मराठीत ‘मी कोण’ असे विचारताच ‘कोऽहम्’ची सारी परंपरा मागे येऊन उभी राहते, आणि त्या परंपरेत या प्रश्नाला उत्तर आहे. प्रश्न हा तेथे उत्तराचा उंबरठा असतो. बुल्ले शाहच्या काफीत मात्र नकारांची मालिका संपते आणि प्रश्न तसाच उघडा राहतो. हे मला ग्रंथ वाचून उमगले नव्हते. ‘जुनून’चे गीत ऐकताना उमगले. ढोल आणि गिटार यांच्या गजरात ध्रुपद पुनःपुन्हा येते आणि प्रत्येक वेळी त्याची अस्वस्थता वाढते. समेवर येऊनही ते निवत नाही. ज्याला आपण काफीचे विद्रूपीकरण म्हणालो असतो, ते तिच्या अर्थाचे विवरण ठरले. चाल ही कधीकधी भाष्याचे काम करते, आणि समीक्षकाने ते भाष्य म्हणून वाचले पाहिजे.

तिसरा टप्पा २००८ साली सुरू झालेल्या ‘कोक स्टुडिओ’चा. ‘व्हायटल साइन्स’मधील वादक रोहेल हयात यांनी ही मालिका उभी केली. एका बंद दालनात वेगवेगळ्या घराण्यांचे, वर्गांचे आणि भाषांचे गायक-वादक एकत्र आणावयाचे व त्यांचे गाणे चित्रित करावयाचे, अशी तिची रीत. २००९ मध्ये दर्ग्यादर्ग्यांतून गाणारे साईं झहूर आणि लाहोरचा ‘नूरी’ हा सुशिक्षित तरुणांचा समूह यांनी मिळून बुल्ले शाहची ‘एक अलिफ’ ही काफी गायिली. ज्ञानाचे ओझे टाकून एका अक्षरावर विसंबावे, असा तिचा आशय. ग्रंथांशी संबंध न आलेला फकीर ती म्हणतो आणि शिकलेली मुले त्याच्या मागे धरतात. काफीचा आशय गाणाऱ्यांच्या मांडणीतच उतरलेला दिसतो. पुढील वर्षी आरिफ लोहार आणि मीशा शफी यांची ‘जुगनी’ आली; २०११ मध्ये अख्तर चनाल झहरी यांनी बलुचिस्तानचा आवाज आणला; झेब आणि हानिया यांनी अफगाणिस्तानातील दरी गीते आणली; पश्तू, सिंधी, सराइकी आल्या. आलमगीर हे सत्तरच्या दशकात कराचीहून पुढे आलेले पॉप गायक. जन्माने पूर्व बंगालचे. त्यांनी जसीमुद्दीन यांचे एक बंगाली गीत पाकिस्तानात लोकप्रिय केले होते. तेही या दालनात पुन्हा गायिले गेले. १९७१ मध्ये जी भाषा देशाबाहेर गेली, ती एका गीतापुरती परत आली.

या भाषांच्या परतीला केवळ संग्रहालयाचे मोल आहे काय? तसे म्हणता येत नाही. ज्या वर्षांत हे गाणे बहरले, त्याच वर्षांत या शब्दांच्या मूळ घरांवर हल्ले होत होते. स्वात खोऱ्यात संगीताची दुकाने उडविली गेली. २०१० मध्ये लाहोरच्या दाता दरबारवर स्फोट झाले. २२ जून २०१६ रोजी कव्वाल अमजद साबरी यांची कराचीत भर रस्त्यात हत्या झाली. आणि १६ फेब्रुवारी २०१७ रोजी सेहवान येथे लाल शहबाझ कलंदर यांच्या दर्ग्यात ऐंशीहून अधिक माणसे मारली गेली. काफी म्हणणे ही तेथे अभिरुचीपुरती बाब राहिलेली नव्हती.

तथापि दुसरी बाजू मांडल्यावाचून हे विवेचन प्रामाणिक ठरणार नाही. ही मालिका एका शीतपेयाच्या कंपनीच्या पैशावर आणि तिच्याच नावाने चालली. आश्रयदाता कलेला नवा नाही. देवळांनी, दरबारांनी आणि पेशव्यांनी आपल्या कवींना पोसलेच. परंतु जुना आश्रयदाता स्तुती मागे. नवा आश्रयदाता कोणाचाही रोष होऊ नये एवढेच मागतो. वरवर पाहता ही मागणी सौम्य आहे. कवितेला मात्र ती अधिक घातक ठरते. १९९६ साली ‘जुनून’ने ‘एहतेसाब’ हे सत्ताधाऱ्यांना हिशेब विचारणारे गीत काढले. त्याच्या चित्रफितीत आलिशान हॉटेलात जेवणारा घोडा होता, आणि शासकीय दूरचित्रवाणीने ते दाखविण्यास बंदी केली. कंपनीच्या दालनात असा घोडा सहसा येत नाही. तेथे बुल्ले शाहचा मुल्लावरील रोष गायिला जातो, कारण तो मुल्ला अठराव्या शतकातला आहे. बंडखोर संताला एकदा वारसा म्हणून स्वीकारले की त्याचे बंड निरुपद्रवी होते. हा धोका आपल्या संतवाङ्मयाच्या उत्सवी गायनातही आपण पाहतो.

आणखी एक विषमता आहे. २०२२ मध्ये ‘कना यारी’ हे बलुची गीत गाजले. कैफी खलील, कराचीच्या ल्यारी वस्तीतील बुरखाधारी रॅप-गायिका एवा बी, आणि बलुचिस्तानातील लोकगायक वहाब बुगटी हे त्याचे गायक. त्याच वर्षीच्या महापुरात बुगटी यांचे मातीचे घर पडले. लक्षावधी कानांपर्यंत पोहोचलेल्या आवाजाच्या डोक्यावर छप्पर राहिले नाही. भाषेला प्रतिष्ठा मिळणे आणि ती बोलणाऱ्याला न्याय मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी गृहीत धरण्याची चूक साहित्यसंस्थांनीही करू नये.

असे असूनही माझा कल या गीताच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण त्याच वर्षी आलेल्या ‘पसूरी’ या गीतात सापडते. अली सेठी हे रागसंगीताची रीतसर तालीम घेतलेले गायक. फझल अब्बास यांच्यासमवेत त्यांनी त्याचे शब्द लिहिले आणि शे गिल या नवोदित गायिकेसह ते गायिले. ट्रकच्या मागे रंगविलेल्या एका पंजाबी ओळीवरून ते सुचले असे सेठी यांनी सांगितले आहे. ‘पसूरी’ म्हणजे गुंता, अडचण. प्रियकराच्या भेटीस मज्जाव झालेली स्त्री हा पंजाबी लोकगीतातील जुना संकेत; सेठी यांनी तो जसाच्या तसा घेतला. परंतु भारतात गाण्याची वाट बंद झालेल्या गायकाने तो उच्चारल्यामुळे मज्जाव या शब्दाला सीमेचा अर्थ प्राप्त झाला. रूढ संकेत मोडला नाही, नवे प्रतीक योजले नाही. केवळ उच्चारणाऱ्याचे स्थान बदलले आणि जुन्या शब्दांत वर्तमान शिरले. नाझिया हसनच्या साध्या शब्दांत जे अजाणता घडले होते, ते येथे जाणतेपणाने घडले आहे. चाळीस वर्षांत या गीताने केलेली ही प्रगती वाङ्मयीन स्वरूपाचीच म्हणावी लागेल.

हे गीत भारतात विलक्षण प्रिय झाले; २०२३ मध्ये एका हिंदी चित्रपटाने त्याची नवी आवृत्तीही काढली. पुढे २०२५ च्या एप्रिलात पहलगाम येथे सव्वीस माणसांची हत्या झाली, आणि मे महिन्यात पाकिस्तानी आशय काढून घेण्याचा आदेश शासनाने दिल्यावर मूळ गीत येथील श्रवणसेवांवरून नाहीसे झाले. ज्यांची माणसे गेली, त्यांच्या दुःखापुढे गीताच्या वियोगाची गोष्ट बोलू नये, हे मला कळते. त्या निर्णयाची राजकीय चिकित्साही येथे प्रस्तुत नाही. परंतु समीक्षेपुढे एक प्रश्न उरतोच. भेटीच्या मज्जावाविषयीचे गीत स्वतःच मज्जावाच्या पलीकडे गेले, की त्याचा अर्थ संपतो की पुरा होतो?

ग्रंथाची प्रत नाहीशी झाली तरी त्यावरील टीका शिल्लक राहते, आणि कधीकधी टीकेवरूनच पुढची पिढी त्या ग्रंथाचा शोध घेते, हे आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात घडलेले आहे. लोकप्रिय गीताच्या मागे अशी टीका आपण ठेवीत नाही. ते सर्वत्र ऐकू येत असते, म्हणून त्याविषयी लिहिण्याची निकड भासत नाही. जे सर्वत्र ऐकू येते, तेही एका सकाळी ऐकू येईनासे होते. तेव्हा त्याच्या अर्थाची साक्ष देणारे चार शब्द तरी कोठे लिहून ठेवलेले असावेत, एवढ्याचसाठी हा प्रपंच.